जेम्स फॉरसाइथ

जेम्स फॉरसाइथ (१८३८ – १ मे १८७१) हे ब्रिटिश भारतातील लष्करी अधिकारी, वनाधिकारी, महसूल अधिकारी आणि लेखक होते. ठासणीच्या शिकारी रायफलींचे शास्त्र मांडणारा 'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स' आणि सातपुडा-मैकल डोंगररांगांचे वर्णन करणारा 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' या दोन ग्रंथांमुळे ते ओळखले जातात. त्यांच्या कारकिर्दीचा महत्त्वाचा भाग त्या काळच्या मध्य प्रांतात गेला. या प्रांताचे मुख्यालय नागपूर होते आणि आजच्या विदर्भाचा पूर्व भाग त्यात मोडत असे. पचमढी या थंड हवेच्या ठिकाणाच्या वसाहतीचा आरंभ त्यांच्या नावाशी जोडला जातो. हिंदीत त्यांचे नाव फोर्सिथ असेही लिहितात.

टोपीच्या बंदुकीचा मूळ शोध लावणारे स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फॉरसाइथ (१७६८–१८४३) आणि पंजाबातील प्रशासक सर थॉमस डग्लस फॉरसाइथ (१८२७–१८८६) या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. पहिल्या नावाशी घोटाळा विशेष होतो, कारण दोघांचाही संबंध बंदुकांशी आहे. जेम्स फॉरसाइथ ज्या रायफलींविषयी लिहितात त्या टोपीवर उडणाऱ्या होत्या आणि ती युक्ती धर्मोपदेशक फॉरसाइथ यांच्या १८०७ सालच्या पेटंटातून विकसित झाली होती.

पूर्वजीवन

फॉरसाइथ यांचा जन्म १८३८ साली झाला. इंग्लंडमध्ये विद्यापीठीय शिक्षण घेऊन त्यांनी एम.ए. ही पदवी मिळवली आणि नंतर ते हिंदुस्थानात नोकरीस आले. लष्करात ते बंगाल स्टाफ कोअर या दलात होते. या दलातील अधिकाऱ्यांना मुलकी खात्यांत नेमण्याची पद्धत होती, त्यामुळे लष्करी हुद्दा कायम ठेवून वनखात्यात किंवा महसुलात आयुष्य काढणारे अधिकारी त्या काळी पुष्कळ होते. फॉरसाइथ त्यांपैकीच एक. बंदुकांवरील पुस्तक लिहिताना ते लेफ्टनंट होते, पुढे कॅप्टन झाले.

मध्य प्रांतातील नेमणूक

१८५३ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ साली नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत निर्माण करण्यात आला. नव्या प्रांताच्या वनखात्याची उभारणी कॅप्टन पिअर्सन यांच्याकडे होती. फॉरसाइथ त्यांचे सहाय्यक वनसंरक्षक झाले आणि काही काळ त्यांनी प्रभारी वनसंरक्षक म्हणूनही काम पाहिले. लवकरच प्रांताचे मुख्य आयुक्त म्हणून सर रिचर्ड टेंपल यांनी सूत्रे हाती घेतली. प्रांताची मोजणी, वर्णन आणि नोंद करण्याचा टेंपल यांचा झपाटा मोठा होता, आणि अशा कामाला चालत डोंगर पालथे घालणारा तरुण अधिकारी हवाच होता.

त्या काळी हा डोंगराळ मुलूख नकाशावर जवळजवळ कोराच होता. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून याच सातपुड्यात आले होते. महादेव डोंगरातील हर्राकोटचे ठाकूर भभूतसिंह यांनी त्यांच्या बाजूने उठाव केला आणि पुढे त्यांना फाशी देण्यात आली. त्यांच्याकडून जप्त झालेले बोरीचे जंगल १८६५ साली राखीव झाले. भारतातील सर्वांत जुन्या राखीव वनांत त्याची गणना होते. फॉरसाइथ यांचे वनखात्यातील काम या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. जंगलाची पाहणी आणि जंगलावरील सत्ता या दोन गोष्टी तेथे एकाच वेळी येत होत्या.

पचमढी आणि बायसन लॉज

१८६२ साली फॉरसाइथ यांना महादेव डोंगरावरील पचमढीच्या पठारावर पाठवण्यात आले. जंगलाची पाहणी करून तेथे एक कायम निवासस्थान बांधायचे, असे त्यांचे काम होते. ते निवासस्थान म्हणजे बायसन लॉज. गव्याला इंग्रज शिकारी बायसन म्हणत, त्यावरून हे नाव पडले. आज या इमारतीत वनखात्याचे संग्रहालय आहे.

फॉरसाइथ यांनी १८५७ साली फौजेसह जाताना पचमढीचा शोध लावला, अशी कथा पर्यटन पुस्तिकांत सर्रास आढळते. त्यांच्या स्वतःच्या ग्रंथातील प्रवास मात्र १८६२ चा आहे. शोध हा शब्दही येथे जपूनच वापरावा. पठारावर कोरकू ठाकुरांची सत्ता होती, गोंड व कोरकू वस्त्या होत्या, आणि महादेवाच्या यात्रेला दूरदूरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या येत होते. विदर्भातून चौरागडावर त्रिशूळ वाहायला जाणारे आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारला जाणारे यात्रेकरू आजही त्याच वाटांनी डोंगर चढतात.

ठासणीच्या रायफलींचा अभ्यास

फॉरसाइथ यांच्या नोकरीचा बंदुकीच्या रचनेशी काहीच संबंध नव्हता. तो त्यांचा छंद होता, परंतु त्यांनी तो एखाद्या शास्त्राच्या शिस्तीने जोपासला. १८६० च्या दशकाच्या आरंभी त्यांचे रायफलींवरील पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि १८६७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीच्या वेळी लेखकाचे वय पंचविशीच्या आसपास होते.

पुस्तकातील वाद समजण्यासाठी त्या काळच्या शस्त्राची थोडी ओळख आवश्यक आहे. ठासणीच्या बंदुकीत आधी नळीच्या तोंडातून मोजून काळी दारू ओतत, मग चरबी लावलेल्या कापडाच्या चकतीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने तळापर्यंत ठासत. मागच्या बाजूला बोंडीवर तांब्याची टोपी बसवत. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटे, ठिणगी आत जाई आणि बार उडे. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत मात्र पीळदार खाचा असतात. गोळी त्या खाचांना धरून फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहून नेमकी जाते. या खाचा किती लांबीत एक पूर्ण वेढा घेतात, त्याला पीळ म्हणता येईल. वेढा जितक्या कमी लांबीत, तितका पीळ घट्ट.

त्या दशकात लष्करी रायफलीचा दबदबा होता. ज्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला, तिची गोळी लांबट व सुमारे ५३० ग्रेन (३४ ग्रॅम) वजनाची होती, दारू सुमारे ७० ग्रेन, नळी ३९ इंच आणि पीळ ७८ इंचांत एक वेढा असा होता. सिंधच्या सरहद्दीवरील जनरल जॉन जेकब यांनी तर स्वतःच्या खर्चाने प्रयोग करून दुनळी रायफल बनवली होती. तिच्यातून स्फोटक गोळ्या हजार यार्डांच्याही पलीकडे टाकता येत. लांब पल्ला म्हणजे चांगली रायफल, असे समीकरण रूढ झाले होते आणि शिकारीही तेच मागत होते.

फॉरसाइथ यांचा आक्षेप नेमका येथे होता. सैनिक दूरच्या जमावावर गोळी झाडतो. शिकाऱ्याला जनावर झुडपाआड, बहुधा दीडशे यार्डांच्या आत आणि क्षणभरच दिसते. अशा वेळी अंतर अचूक ओळखून नेमपट्टी वरखाली करायला सवड नसते. जड लांबट गोळी आणि थोडी दारू यांमुळे गोळीचा मार्ग कमानीसारखा उंच होतो, आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी पाठीवरून जाते किंवा पायांखाली पडते. जनावर जखमी होऊन निसटते. वाघ किंवा गवा असेल तर शिकाऱ्याचा आणि त्याहून अधिक त्याच्यासोबत पायी चालणाऱ्या वाटाड्याचा जीव धोक्यात येतो. म्हणून शिकारी रायफलीचा पहिला गुण पल्ला नसून सपाट मार्ग आहे, असा त्यांचा सिद्धान्त होता.

सपाट मार्गासाठी वेग हवा आणि वेगासाठी भरपूर दारू हवी. अडचण अशी की, पीळ घट्ट असताना दारू वाढवली तर गोल गोळी खाचा धरून फिरण्याऐवजी त्यांवरून सरळ घसरत निघून जाते. तसे झाले की रायफल आणि गुळगुळीत नळी यांत फरक राहत नाही. गोल गोळ्यांच्या रायफली बदनाम झाल्या होत्या त्या याच कारणाने. फॉरसाइथ यांनी दोष गोळीचा नसून पिळाचा आहे, असे दाखवले. लांबट गोळी हवेत उलटू नये म्हणून तिला जोराने फिरवावे लागते. गोल गोळीला पुढचे टोक आणि मागचे टोक असा भेदच नसल्याने तिला अगदी हलकी फिरकीही पुरते. तेव्हा पीळ सैल करावा, खाचा रुंद व उथळ ठेवाव्यात, त्यांमधील कंगोरे अरुंद ठेवावेत आणि दारू निःशंक वाढवावी.

त्यांनी सुचवलेल्या प्रमाणांपैकी १४ बोअरच्या रायफलीचे माप प्रसिद्ध आहे. १४ बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या चौदा गोळ्या होतील एवढे तोंड. गोळीचे वजन ५०० ग्रेन (सुमारे ३२ ग्रॅम) आणि व्यास साधारण साडेसतरा मिलिमीटर येतो. या नळीसाठी त्यांनी ८ फूट ८ इंचांत, म्हणजे १०४ इंचांत एक वेढा असा पीळ सांगितला. शिकारी रायफलीची नळी २६ इंच लांब धरली तर गोळी बाहेर पडेपर्यंत फक्त पाव वेढा घेते. एनफिल्डच्या नळीत तो अर्धा होतो. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण भरपूर दारू भरूनही गोळी खाचा सोडत नाही ती यामुळेच.

गोल गोळीच्या उणिवाही त्यांना ठाऊक होत्या. हवेचा रोध तिला फार जाणवतो आणि लांब अंतरावर तिचा वेग झपाट्याने ओसरतो. म्हणूनच त्यांचा दावा जंगलातील अंतरापुरता होता, आणि त्या मर्यादेत तो पक्का होता.

स्फोटक गोळ्यांचा प्रश्न मात्र शिकारीपुरता उरला नाही. जेकब यांच्यासारख्यांच्या प्रयोगांमुळे अशा गोळ्या माणसांवरही वापरल्या जाणार हे उघड झाले, आणि १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमहून कमी वजनाच्या स्फोटक गोळ्या युद्धात न वापरण्याचे करारबद्ध राष्ट्रांनी मान्य केले. शिकारीत त्या पुढेही काही काळ चालू राहिल्या.

पुस्तकाचे दुर्दैव असे की, ते योग्य उत्तर घेऊन आले तेव्हा प्रश्नच बदलत होता. १८६६ पासून एनफिल्ड रायफलींचे मागून भरायच्या स्नायडर रायफलींत रूपांतर सुरू झाले आणि शिकाऱ्यांनीही काडतुसाची वाट धरली. भरपूर दारू, मोठा वेग आणि सपाट मार्ग हे तत्त्व पुढे एक्स्प्रेस म्हणून ओळखल्या गेलेल्या रायफलींत टिकले. गोल गोळी आणि सैल पीळ मात्र एका पिढीतच मागे पडले.

मध्य भारताचा प्रवास

१८६२ ते १८६४ या काळात फॉरसाइथ यांनी मध्य प्रांताचा मोठा प्रवास केला. नर्मदेचे खोरे, महादेव डोंगर, सागवानाचा पट्टा, नर्मदेचा उगम असलेले अमरकंटक आणि तेथून छत्तीसगडच्या मैदानापलीकडील सालवनांपर्यंत ते गेले. बैतूलच्या भागात एका नरभक्षक वाघाच्या मागावर त्यांनी जवळजवळ आठवडा घालवला. त्या वाघाने शंभराहून अधिक माणसे खाल्ल्याचा अंदाज त्यांनी नोंदवला आहे, आणि त्याच्या भीतीने अनेक वाटा बंद पडल्या होत्या.

शिकारीपेक्षा त्यांच्या निरीक्षणांतील एक नोंद आज अधिक मोलाची ठरली आहे. सातपुड्याच्या पश्चिम भागात साग आणि पूर्वेकडे साल असे जंगलाचे दोन प्रदेश पडतात. पचमढीजवळ देनवा नदीच्या खोऱ्यात मात्र सालाचा एक तुकडा मुख्य सालवनापासून फार दूर, सागाच्या मुलखात एकटाच उरला आहे. त्या तुकड्यात बारशिंगा आणि लाल रानकोंबडा हे सालवनाचेच सोबती आढळतात आणि आजूबाजूच्या सागवनात आढळत नाहीत, हे फॉरसाइथ यांनी टिपले. झाड आणि प्राणी यांच्या प्रसारातील हा संबंध पुढच्या निसर्ग अभ्यासकांनी वारंवार विचारात घेतला.

निमाड

पुढे फॉरसाइथ यांची निमाड जिल्ह्याचे जमाबंदी अधिकारी आणि उपायुक्त म्हणून नेमणूक झाली. खानदेश आणि वऱ्हाड यांना लागून असलेल्या या जिल्ह्यात असीरगड आणि बऱ्हाणपूर येतात. दक्षिण भागात मराठी बोलणाऱ्यांची वस्ती तेव्हाही होती, आजही आहे. जिल्ह्याचे ठाणे १८६४ साली मंडलेश्वरहून खांडव्याला आले होते. जमिनीची प्रत ठरवणे, सारा बांधणे, गावोगावचे हक्क नोंदवणे हे काम रायफलीच्या पिळापेक्षा कितीतरी रूक्ष, पण जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आयुष्यावर त्याचाच परिणाम अधिक झाला. १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग पूर्ण होऊन खांडवा त्यावरील एक ठिकाण बनले आणि जेथे फॉरसाइथ पायी गेले होते तो प्रदेश लाकूड व्यापाऱ्यांच्या आवाक्यात आला.

द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया

हा ग्रंथ १८७१ साली लंडनच्या चॅपमन अँड हॉल या संस्थेने प्रसिद्ध केला. पुस्तक छापखान्यात असतानाच, १ मे १८७१ रोजी, फॉरसाइथ यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ३२-३३ वर्षांचे होते.

ग्रंथात दहा प्रकरणे आहेत. वाघावर स्वतंत्र प्रकरण आहे, तसेच सागाच्या आणि सालाच्या प्रदेशांवरही आहेत. एका प्रकरणात गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाची कथा त्यांनी इंग्रजीत छंदोबद्ध केली आहे. या कथेचे मूळ संकलन नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी केले होते. १८६३ साली हिस्लॉप बुडून मरण पावल्यावर टेंपल यांनी त्यांची टिपणे संपादित करून १८६६ साली नागपूर येथे प्रसिद्ध केली. गोंडी मौखिक परंपरेचा एक ठेवा दूरच्या वाचकांपर्यंत पोहोचण्यात फॉरसाइथ यांचा हा वाटा आहे, जरी इंग्रजी छंदात शिरताना त्याचे मूळ रूप बरेच पालटले.

गोंड, कोरकू आणि बैगा यांच्याविषयी ते जिव्हाळ्याने लिहितात, पण राज्यकर्त्याच्या उंचीवरून. जंगल तोडून, जाळून राखेत बी टाकण्याची दहिया पद्धत त्यांना सागवानाची नासाडी वाटत होती. सरकारी तोडीने तेच जंगल किती रिकामे होईल, याचा विचार त्या मानाने कमी दिसतो. स्थानिक शिकारी आणि माग काढणाऱ्यांचे कौशल्य मात्र ते मोकळेपणाने मान्य करतात.

या स्थानिक शिकाऱ्यांकडे असे ती तोड्याची बंदूक, म्हणजे जळती वात रंजकाला लावून उडवायची. नेम धरल्यापासून बार उडेपर्यंत वेळ जाई आणि पावसाळ्यात वात विझे. अशा शस्त्राने पाणवठ्याजवळ रात्र काढून शिकार साधणे हे दुनळी रायफलीच्या शिकारीहून अवघड काम होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा केल्यावर असली बंदूक बाळगणेही सरकारच्या मर्जीवर गेले, तर युरोपियनांना त्यातून सूट मिळाली.

नंतरचा काळ

'द हायलँड्स'च्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. मध्य भारताच्या वनांचा व आदिवासींचा इतिहास लिहिणाऱ्यांना तो टाळता येत नाही. रायफलींवरील पुस्तक मात्र जुन्या बंदुकांच्या संग्राहकांपुरते उरले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व युरोपात ठासणीच्या बंदुका हौसेने बनवण्याची आणि त्यांनी निशाणबाजी करण्याची चळवळ वाढली, तेव्हा ते पुन्हा वाचले जाऊ लागले. मोठ्या तोंडाच्या आणि गोल गोळीच्या नळीसाठी सैल पीळ ठेवताना कारागीर आजही फॉरसाइथ यांचे नाव घेतात आणि १०४ इंचांचे माप जसेच्या तसे वापरतात.

या हौशी मंडळींचे दुसरे आवडते काम म्हणजे जुन्या रायफलींच्या दस्त्यांची डागडुजी. चांगल्या रायफलीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असे, कारण ते बळकट असूनही धक्का सोसते आणि सहसा वाकत नाही. दबलेल्या जागेवर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने लाकडाचे तंतू फुगून वर येतात. जुने रोगण काढल्यावर उकळलेले जवसाचे तेल हाताने पातळ थरांत, प्रत्येक थर वाळू देत, चोळतात. जाणकार काचकागद शक्यतो टाळतात. लाकूड थोडे जरी अधिक घासले गेले तरी नळी व कुलूप बसवण्याच्या कडा बोथट होतात, लोखंड लाकडाच्या वर उघडे राहते आणि जुन्या वस्तूचे मोल उतरते.

भारतात चालू स्थितीतील ठासणीच्या बंदुकीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर फॉरसाइथ यांनी वर्णन केलेली शिकार कायद्याने बंद झाली. ज्या महादेव डोंगरात त्यांनी गव्यांचा माग काढला, तो भाग आता सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो. त्यांनी बारशिंग्याची नोंद केलेल्या सातपुड्यातून हा प्राणी पुढे नाहीसा झाला होता. अलीकडे कान्हा येथून काही बारशिंगे आणून ते बोरीच्या परिसरात पुन्हा वसवण्यात आले आहेत.